खुब्यात मेटल-ऑन-मेटल बसवलंय? दुखायची वाट बघू नका, आधी कागद शोधा

माझे दोन्ही खुबे बदललेले आहेत. उजवा २००८ ला, डावा २०१० ला, आणि उजवा परत २०१९ ला. हे तिसरं म्हणजे रिव्हिजन, बसवलेलं काढून परत नवीन बसवायचं ऑपरेशन, आणि लोक त्याच्याबद्दलच जास्त विचारतात. मी झेडपी शाळेत शिक्षिका, जळगावच्या पारोळा तालुक्यात, त्यामुळे कोणाच्या घरी खुब्याचं काही निघालं की "बाईंना विचारा" होतं, आणि तेच तेच फोनवर सांगून माझं तोंड दुखतं म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते. मी डॉक्टर नाहीये. पण १८ वर्षं हे अंगात घेऊन फिरतेय, फाईल तीन किलोची झालीय आणि चुका भरपूर केल्यात, त्या तुम्ही करू नका एवढंच.

आधी एक गोंधळ मिटवू. "माझ्या पण खुब्यात स्टील टाकलंय, मला पण धोका का?" असं अर्धे लोक विचारतात. तसं नाहीये. खुब्याच्या प्रत्येक इम्प्लांटमध्ये कुठे ना कुठे धातू असतोच, प्रश्न आहे घासतं काय कशावर याचा. बॉल आणि वाटी हे दोनच भाग एकमेकांवर फिरतात. बहुतेकांना मेटलचा नाहीतर सिरॅमिकचा बॉल आणि वाटीत पॉलिथिन, म्हणजे भारी क्वालिटीचं प्लास्टिक असतं, त्यांच्यासाठी हा लेख नाही, त्यांनी आपला नेहमीचा एक्स-रे फॉलोअप ठेवावा. माझ्यासारख्यांना बॉल पण मेटल आणि वाटी पण आतून मेटल, कोबाल्ट-क्रोमियमचं. याला म्हणतात मेटल-ऑन-मेटल. २००० नंतरच्या दहाएक वर्षांत हे जोरात होतं, तरुण पेशंटला तर हेच सांगायचे, की प्लास्टिक झिजतं, मेटल झिजणार नाही, बॉल मोठा असतो म्हणून निसटणार नाही, आयुष्यभर बघायला नको. मी तेव्हा ३८ ची, जन्मापासून खुब्याची वाटी उथळ, लंगडत शाळेत जायचे, मला ते ऐकून बरंच वाटलं.

झिजत नाही हे खोटं निघालं. दोन धातू घासले की एकदम बारीक भुकटी सुटते, त्यातले आयन, म्हणजे धातूचे अगदी सूक्ष्म कण, रक्तात जातात आणि काही जणांच्या खुब्याभोवतीचे स्नायू-टिश्यू त्या भुकटीवर चिडतात, तिथे पाणी भरतं, गाठीसारखं होतं (स्यूडोट्यूमर म्हणतात, कॅन्सर नाही, घाबरू नका), आणि शेवटी स्नायूच खराब होतो. सगळ्यांनाच होतं असं नाही. कित्येकांचं पंधरा-वीस वर्षं मस्त चाललंय. बायकांमध्ये आणि वाटी जास्त उभी बसली असेल तर प्रमाण जास्त. मी दोन्हीत बसते, वा.

एएसआर नावाच्या इम्प्लांटची गोष्ट पेपरात वाचली असेल तुम्ही. डेप्यू या कंपनीचं, जी जॉन्सन अँड जॉन्सनची. २४ ऑगस्ट २०१० ला ते जगभरातून परत बोलावलं. भारतात सुमारे ४७०० ऑपरेशनं त्याची झाली होती. केंद्र सरकारने २०१७ मध्ये डॉ. अरुण अगरवाल यांच्या अध्यक्षतेखाली कमिटी नेमली, २०१८ मध्ये तिचा रिपोर्ट आला, मग भरपाईचा फॉर्म्युला ठरला ३० लाख ते १ कोटी २३ लाखापर्यंत, वय आणि अपंगत्व बघून, आणि मग ते कोर्टात गेलं. २०१९ मध्ये दिल्ली हायकोर्टात कंपनीने पडताळणी झालेल्या ६७ पेशंटना २५-२५ लाख द्यायची तयारी दाखवली. म्हणजे ४७०० कुठे आणि ६७ कुठे! बाकीचे कुठे गेले? पत्ते बदलले, कागद हरवले, आणि बऱ्याच जणांना आपल्या अंगात कुठल्या कंपनीचं काय आहे तेच माहीत नसणार. माझं इम्प्लांट त्यातलं नाही, दुसरं आहे, पण ही गोष्ट वाचल्यावरच मी पहिल्यांदा माझे कागद शोधायला बसले, आणि म्हणून तुम्हाला पण पहिलं काम तेच सांगते.

कागद

तुम्हाला हवाय एक स्टिकर. इम्प्लांटच्या प्रत्येक भागाच्या खोक्यावर स्टिकर असतं, ऑपरेशनच्या वेळी ते काढून केसपेपरवर चिकटवतात, त्यावर कंपनी, साईझ, आरईएफ नंबर आणि लॉट नंबर असतो. डिस्चार्ज कार्डावर नुसतं "टीएचआर राईट" (उजवा खुबा बदलला) लिहिलेलं असतं, त्याने काही कळत नाही. माझं स्टिकर कुठे सापडलं सांगू? सासूबाईंच्या पेटीत, साडीच्या घडीत, एलआयसीच्या पावत्यांसोबत. "दवाखानाना कागद शे, फेकू नही" म्हणून त्यांनी ठेवलेलं. त्यांना वाचता येत नव्हतं, आणि आम्ही दोघं शिकलेले, आम्ही फाईल बदलताना त्याची पानं टाकून दिली होती.

घरात नसेल तर हॉस्पिटलला लेखी अर्ज द्या, इंडोअर पेपर आणि ऑपरेशन नोट मागा. मेडिकल कौन्सिलचा २००२ चा नियम आहे की इंडोअर पेशंटचे कागद ३ वर्षं सांभाळायचे आणि मागितले की ७२ तासांत द्यायचे. तुमचं ऑपरेशन जुनं म्हणजे ३ वर्षं कधीच उलटली, तरी मागा. कधी कधी असतात. आमच्या वेळी रेकॉर्ड रूमच्या माणसाने "एवढं जुनं नाही मिळत" म्हणून दोनदा परत पाठवलं, तिसऱ्यांदा हे स्वतः गेले, अर्जावर इनवर्डचा शिक्का मागितला, तर डाव्या बाजूचं तासाभरात सापडलं. शिक्का घ्या, एवढंच म्हणते. स्टिकर मिळालं की मोबाईलवर फोटो, एक झेरॉक्स लॅमिनेट करून पर्समध्ये. एअरपोर्टवर मशीन वाजतं तेव्हा पण कामाला येतं, आणि उद्या बेशुद्ध पडलात तर तुमच्या वतीने तेच बोलेल.

रक्ताची तपासणी, आणि ती निळी टोपी

कोबाल्ट आणि क्रोमियम, दोन्ही लेव्हल. ही टेस्ट आपल्याकडे जळगाव-धुळ्याला कलेक्शन होते पण सॅम्पल मुंबईला वगैरे जातं. आणि इथेच घोळ होतो. हवा-धूळ-सुई सगळ्यात धातू असतो, म्हणून यासाठी वेगळी ट्यूब असते, ट्रेस एलिमेंटची, गडद निळ्या टोपीची. मी पहिल्यांदा गेले तर तिथला पोरगा नेहमीची लाल टोपीची ट्यूब घेऊन आला. मी म्हटलं, भाऊ, निळी लागते. तो म्हणे "ताई, आम्ही सगळ्यांचं यातच घेतो." मी म्हटलं सगळ्यांच्या खुब्यात कोबाल्ट नसतं, तू मेन लॅबला फोन लाव. त्याने वैतागून लावला, पलीकडून काहीतरी बोलणं झालं, आणि मग म्हणे "उद्या या, ट्यूब मागवतो." दुसऱ्या दिवशी परत ४५ किलोमीटर. पण तो पोरगा आता मला ओळखतो, दरवर्षी आधी फोन करून विचारतो.

अजून दोन-तीन गोष्टी यातल्याच. सुईतून येणारं पहिलं थोडं रक्त दुसऱ्या टेस्टच्या ट्यूबमध्ये घ्यायला सांगा, निळी नंतर. दरवेळी एकच लॅब ठेवा, आणि होल ब्लडवर (अख्ख्या रक्तावर) केली का सिरमवर (रक्त गोठल्यावर वर राहतं त्या पाण्यावर) तेही एकच ठेवा, कारण दोन्हीचे आकडे एकमेकांशी लावता येत नाहीत. शुगरसाठी म्हणून काही गोळ्यांमध्ये क्रोमियम पिकोलिनेट असतं, ते घेत असाल तर डॉक्टरला सांगा. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची टेस्ट, पण सोबत करा, का ते पुढे येईलच.

आकडा आला की युनिट बघा. मायक्रोग्रॅम पर लिटर म्हणजेच पीपीबी. काही लॅब नॅनोमोलमध्ये देतात आणि ११९ वाचून माणूस आडवा होतो, अहो, कोबाल्टचे ११९ नॅनोमोल म्हणजे ७ पीपीबीच. हा ७ चा आकडा ब्रिटनच्या एमएचआरए या सरकारी एजन्सीचा आहे, त्यांचं म्हणणं ७ च्या वर गेलं की तीन महिन्यांनी परत टेस्ट आणि सोबत स्कॅन. ७ च्या वर म्हणजे ऑपरेशन असं त्यांनी म्हटलेलं नाही, आणि ७ च्या खाली म्हणजे सुटलात असंही नाही. आकडा कमी आणि आत टिश्यू खराब, असे पेशंट असतात.

म्हणून मी एक वही केली. डाव्या पानावर तारीख, लॅब, कोबाल्ट, क्रोमियम, क्रिएटिनिन. उजव्या पानावर त्या महिन्यात कसं वाटत होतं ते साध्या भाषेत, "शाळेचा जिना त्रास", "उजव्या कुशीवर झोपता येत नाही", "काही नाही". माझा कोबाल्ट २०१४ ला ४ च्या आसपास होता, २०१६ ला ७ ला टेकला, २०१८ ला ११ च्या पुढे. एकेक आकडा वेगवेगळ्या डॉक्टरला दाखवला असता तर प्रत्येकाने वेगळं सांगितलं असतं (सांगितलंच), पण तिन्ही एका पानावर ठेवले तेव्हा जळगावचे डॉक्टर पण गप्प झाले आणि म्हणाले, आता एमआरआय करू. डॉक्टरकडे तुम्हाला मिळतात पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत पिशवीतून रिपोर्ट काढत बसायचं का वही उघडून समोर ठेवायची, तुम्ही ठरवा.

काय जाणवलं तर लगेच जायचं

जांघेत दुखणं हे मुख्य, कुल्ल्यात किंवा मांडीत पण. खुब्याजवळ सूज, भरल्यासारखं. चालताना एका बाजूला झोल जाणं. पाय अडकल्यासारखा, निसटल्यासारखा. आणि आवाज. माझा आवाज मला नाही कळला, चौथीच्या पोराला कळला, फळ्याकडे वळले तर मागून म्हणतो, "बाई, तुमना पायमाईन आवाज येस." वर्ग हसला, मी पण हसले, आणि रात्री स्वयंपाकघरात एकटीने दोन पावलं टाकून ऐकलं, दाराची बिजागरी तेल मागते ना, तसं.

खुब्याबाहेरची लक्षणं कमी जणांना होतात, कोबाल्ट खूपच चढलेला असतो तेव्हा, पण माहीत असू द्या: कानात घूं आवाज, ऐकू कमी येणं, नजर धूसर, हातापायाला मुंग्या, थायरॉईड बिघडणं, दम लागणं. कोबाल्टने हृदयाचा स्नायू कमजोर होतो हे जुनं माहीत आहे, १९६५-६६ च्या सुमारास कॅनडात क्युबेकमध्ये बीअरचा फेस टिकावा म्हणून कोबाल्ट टाकायचे आणि पिणारे लोक हृदयाने गेले. तर दम लागत असेल तर "वय झालं" म्हणून सोडू नका, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि टीएसएच (थायरॉईडची टेस्ट) करून घ्या आणि त्या डॉक्टरला सांगा की खुब्यात मेटल-ऑन-मेटल आहे, कारण फिजिशियनच्या डोक्यात ते येणारच नाही.

आणि काहीच होत नसेल तरी? तरी वर्षातून एकदा. बायकांनी तर नक्की. शेजारच्या आक्का म्हणतात, "दुखस नही ते कसाले कोरस?" माझं पण हेच चाललं होतं २००८ ते २०१४. सहा वर्षं मी एकही तपासणी केली नाही, कारण दुखतच नव्हतं.

स्कॅनचं एवढंच: साध्या एमआरआयमध्ये धातूमुळे काळा डाग दिसतो आणि आजूबाजूचं काही कळत नाही, म्हणून "मार्स" नावाच्या पद्धतीने करायचा, अपॉइंटमेंट घेतानाच विचारा की मेटल आर्टिफॅक्ट कमी करायचं प्रोटोकॉल आहे का. नसेल तर अनुभवी माणसाकडून सोनोग्राफी. दोन्ही बाजूला मेटल असेल तर रक्तावरून कुठली बाजू झिजतेय ते कळत नाही, ते स्कॅनवरच कळतं.

किडनी सांभाळा, पुड्या बंद करा

कोबाल्ट लघवीवाटे बाहेर पडतो. म्हणजे किडनी हेच तुमचं औषध. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पार जातो, लग्नसराईत माणूस दिवसभर दोन ग्लास पाण्यावर राहतो, वरून खुबा दुखला की मेडिकलवरून पेनकिलर, महिनोन् महिने. ही गोळी किडनीवर बसते. दुखणं दाबलं जातं ते वेगळंच, वहीत "काही नाही" लिहिलं जातं आणि आत चालूच.

आणि ते "अंगातला धातू उतरवतो" वाले. माझ्याकडे तिघं आले होते. एकाने भस्माच्या पुड्या दिल्या, ओळखीतलेच, मोठ्या मायेने. धातू उतरवायला धातूचंच भस्म! मी घेतल्या, ठेवल्या, खाल्ल्या नाहीत. जोपर्यंत दोन भाग एकमेकांवर घासतायत तोपर्यंत काढा पिऊन काय होणार, नळ चालू आणि फरशी पुसताय.

रिव्हिजन कधी

हा खरा प्रश्न. माझं मत स्पष्ट आहे आणि ते मी महागात शिकले. आकडे चढतायत, स्कॅनमध्ये पाणी-गाठ दिसतेय आणि दुखतंय किंवा स्नायू खराब होताना दिसतोय, तर थांबू नका. कारण इम्प्लांट बदलता येतं, स्नायू बदलता येत नाही. खुब्याच्या बाजूचा जो स्नायू आपल्याला सरळ चालवतो, अॅब्डक्टर, तो एकदा खाल्ला गेला की नवीन बॉल कितीही भारी टाका, माणूस झोल घेतच चालतो आणि बॉल निसटायची भीती कायम. मी २०१८ च्या दिवाळीत हो म्हणायला पाहिजे होतं. पण आधी पोराची बारावी, मग आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) नणंद येणार, मग कपाशीची लावणी, असं करत २०१९ चा ऑगस्ट. त्या नऊ महिन्यांत किती गेलं ते माहीत नाही, पण मला आज पण लांब चालायला काठी लागते.

उलट बाजू पण आहे. फक्त एक आकडा ८ आला, दुखत नाही, स्कॅन स्वच्छ, आणि कोणी म्हणतंय उद्याच अॅडमिट व्हा, तर दुसरं मत घ्या. रिव्हिजन पहिल्या ऑपरेशनपेक्षा मोठं असतं, वेळ जास्त, रक्त जास्त, इन्फेक्शन, बॉल निसटणं, पायाची नस दुखावून पंजा लटकणं, पाय लांब-आखूड, सगळ्याचा धोका पहिल्यापेक्षा जास्त.

सर्जन निवडताना लाजू नका. आपल्याकडे पहिल्यांदा बॉल बदलणारे चांगले डॉक्टर आता जळगाव-धुळ्याला भरपूर आहेत, पण रिव्हिजन वर्षाला किती करता हे सरळ विचारा. मी नाशिक, संभाजीनगर, मुंबई तिन्हीकडे विचारून शेवटी मुंबईला गेले. ज्यांनी पहिलं केलं त्यांच्याकडेच जायचं असं काही नाही. हे प्रश्न मी पाठ करून गेले होते: फक्त बॉल-वाटी बदलणार की मांडीच्या हाडातला दांडा पण? दांडा घट्ट असेल तर ठेवता येईल का? (ठेवता येतो बऱ्याचदा, हाड वाचतं, पण त्याच्या टोकाला गंज आहे का ते आत गेल्यावर बघतात.) नवीन काय घासणार कशावर? (मला सिरॅमिक बॉल, पॉलिथिनची वाटी.) स्नायू कमजोर निघाला तर निसटू नये म्हणून ड्युअल मोबिलिटी (बॉलवर अजून एक फिरती प्लास्टिकची वाटी) तयार ठेवणार का? आधी इन्फेक्शन नाही हे कसं बघणार? ईएसआर-सीआरपी या रक्ताच्या टेस्ट आणि खुब्यातलं पाणी सुईने काढून तपासणी, हे झाल्याशिवाय टेबलावर जाऊ नका.

आणि एक प्रश्न लेखी: काढलेलं इम्प्लांट मला मिळेल का. ऑपरेशनच्या आधी अर्ज द्या, नंतर "डिस्पोज झालं" म्हणतात. माझा बॉल मला मिळाला, डब्यात. डॉक्टरांनी मोबाईलवर आतला फोटो पण दाखवला, हे बघू नका म्हणत होते, मी बघितला. ट्रॅक्टरचं ऑइल बदलताना खाली जे काळपट-राखाडी निघतं ना, ते.

जायच्या आधी

दात दाखवून घ्या, किडका असेल तर आधी काढा. लघवीचं इन्फेक्शन, पायाच्या भेगा, गळू, सगळं आधी मिटवा. शुगर ताब्यात. मिसरी बंद! हे बायकांना सांगावंच लागतं, तंबाखू खात नाही म्हणतात आणि सकाळी तासभर मिसरी. जखम भरत नाही त्याने. रक्तदाते दोन-तीन जण मुंबईचेच बघून ठेवा, गावाकडून ऐन वेळी कोणी येत नाही.

ज्यांना सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे त्यांच्यासाठी वेगळं. आपल्या नंदुरबार, धुळे, सातपुडा पट्ट्यात भिल्ल-पावरा समाजात सिकलसेल बराच आहे आणि त्याने खुब्याच्या बॉलचा रक्तपुरवठा बंद होऊन बॉल कुजतो, म्हणून विशी-पंचविशीतली पोरं खुबा बदलायला येतात. तुम्ही असाल किंवा घरात कोणाला असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरला सर्वात आधी सांगा, कार्ड दाखवा, रक्त आधी द्यावं लागतं का ते ठरतं, आणि थंडी, तहान, ऑक्सिजन या तीन गोष्टी ऑपरेशनच्या वेळी फार सांभाळतात.

पैशांचं: महात्मा फुले जनआरोग्य योजना आता सगळ्या रेशनकार्डवाल्यांना आहे आणि कुटुंबाला ५ लाखापर्यंत, पण तुमचं रिव्हिजन त्या हॉस्पिटलमध्ये त्यात बसतं का ते तिथल्या आरोग्यमित्राला अॅडमिट व्हायच्या आधी विचारा, नंतर नाही. मेडिक्लेमवाल्यांनी पहिलं ऑपरेशन लपवू नका, क्लेम उडतो. माझ्यासारखे सरकारी नोकरीतले वैद्यकीय प्रतिपूर्तीचं बिल टाकतात, त्याला मूळ बिलं, डिस्चार्ज आणि सह्या लागतात, प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स ठेवा. माझं बिल चौदा महिन्यांनी निघालं, त्यातही स्टिकरची झेरॉक्स अस्पष्ट म्हणून एकदा परत आलं.

इम्प्लांट खराब निघालं तर कळवा पण. मटेरिओव्हिजिलन्स प्रोग्राम म्हणून सरकारचा २०१५ पासून आहे, उपकरणाने त्रास झाला तर पेशंट स्वतः कळवू शकतो, टोल फ्री १८००-१८०-३०२४. ग्राहक आयोगात जायचं असेल तर दोन वर्षांची मुदत असते, आधी वकिलाला तारखा दाखवा. इथे पण वहीच.

घरी आल्यावर

निघायच्या आधीच घर तयार करा. नियम एकच लक्षात ठेवा, बसल्यावर गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये. म्हणजे पाट नाही, पंगत नाही, सुंभाची झोळ पडलेली खाट नाही, रिक्षाची खोल सीट नाही. खुर्ची उंच, हाताची. कमोड पाहिजेच, त्यावर उंचीचं सीट, आणि भिंतीला पाईप. आमच्याकडे मिस्त्रीने पाईप डाव्या हाताला लावला, माझं ऑपरेशन उजवीकडे, परत फोडलं. स्वतः बसून दाखवा मिस्त्रीला, संकोच करू नका.

पायावर पाय नाही, झोपताना दोन्ही पायांत उशी, खाली पडलेलं वाकून उचलायचं नाही (चिमटा मिळतो लांब दांड्याचा, नाहीतर नातवंडं). जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. कारमध्ये आधी पाठमोरं बसायचं मग पाय आत, सीटवर प्लास्टिकची पिशवी टाकली की घसरून वळता येतं. मोटरसायकलवर मागे एका बाजूला बसणं विसरा. मुंबईहून येताना रेल्वेत लोअर बर्थ, दर तासाला उठून दोन पावलं, रक्त गोठू नये म्हणून दिलेली गोळी-इंजेक्शन चुकवायचं नाही. पोटरी सुजली-दुखली किंवा अचानक दम लागला तर घरगुती काही करत बसू नका, सरळ दवाखाना. जखमेतून पाणी आलं तर लोकल डॉक्टरकडून अँटिबायोटिक घेऊ नका, आधी सर्जनला फोटो पाठवा, कारण अर्धवट अँटिबायोटिकने इन्फेक्शन लपतं, जात नाही.

व्यायाम कंटाळवाणा आहे, करा. आमच्या खान्देशात कानबाई (देवी) बसते तेव्हा मी तिच्या नैवेद्याचे रोट करायला खाली बसू शकले नाही, पहिल्या वर्षी रडले. आता ओट्यावर उभी राहून करते, सासूबाई असत्या तर बोलल्या असत्या, पण कानबाई काही बोलली नाही अजून.

रिव्हिजननंतर माझा कोबाल्ट काही महिन्यांत खाली आला, क्रोमियम हळूहळू उतरतं, त्याला वेळ द्या. पूर्ण शून्य होणार नाही कारण डावा अजून तसाच आहे. डावा दुखत नाही. स्कॅन दोनदा स्वच्छ आलाय. वहीत त्याचं वेगळं पान आहे, आणि येत्या गुरुवारी शाळा सुटल्यावर जळगावला जायचंय, लॅबच्या त्या पोराने फोन करून सांगितलंय, "बाई, निळी ट्यूब आली."